तीन नंबरचा उंबरठा

चौक, बुधवार, दुपार

प्रिय वनू,

हे पत्र मी दिवाळीआधीच लिहायला घेतलं होतं. पेन चालेना म्हणून नवं आणायला कर्जतला गेले, तर स्टेशनबाहेर पुण्याची चार पोरं मोबाइलमधला नकाशा फिरवून फिरवून बघत उभी. त्यांना कोंडाण्याची लेणी बघायची होती. वर पोचवून येते म्हटलं, तर ती पुढे राजमाचीला निघाली, तशी मीही निघाले, आणि उतरले ती पार लोणावळ्याच्या बाजूला. तिथे एकाला कॅम्पवर माणूस हवं होतं. असं करत करत इकडे भातं कापून झाली. पेनाला काही झालं नव्हतं, हे तुला वेगळं सांगायला नको. फोनही करून बघितला, पण माझा आवाज ऐकून तू तो कापलास. कापणारच. म्हणून कागद. फाडायचा म्हटला तरी माणूस आधी चार ओळी वाचतो.

बाबा गेले ते तुला कळलं असेल. चौक गावातली बातमी गॅरेजवरून निघते आणि संध्याकाळपर्यंत तुझ्या रसायनीला पोचते. जाताना त्यांनी चारही खोल्या माझ्या नावावर करून ठेवल्या. नातेवाइकांना धक्का बसला, मला सगळ्यात जास्त. जिचं स्वतःचं अंथरूण एका जागी टिकत नाही ती आता लोकांना अकरा अकरा महिन्यांचे करार करून देते. कोणी मोटर जळली म्हणून उठवतं, कोणी संडासची टाकी तुंबली म्हणून. एक नंबरमधला मनोज, गॅरेजवर असतो तो, मला मुद्दाम चारचौघांत मालक म्हणतो. “मालक, नळाला पानी नाय. तुमी झोपा निवांत, आमी डिझेलनं तोंड धुतो.” पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायला गेले तर हवालदार म्हणाला, मालकाला पाठव. मीच मालक म्हटल्यावर त्याने माझ्या फाटक्या बुटांकडे इतका वेळ बघितलं की मीही बघितलं. विमानतळाची हवा झाल्यापासून इथे दोन गुंठेवालासुद्धा स्वतःला गुंतवणूकदार म्हणवतो. मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की खोली रिकामी राहिली की ती रात्रंदिवस मालकाच्या डोक्यात राहायला येते.

आणि तीन नंबर रिकामीच राहते. तुमची खोली.

ती मुळात आजोबांचा गोठा. बाकीच्या खोल्या नंतर बांधल्या, म्हणून हिचंच दार ठेंगणं. येणारा प्रत्येक जण कपाळ आपटायचा आणि सोनुकाकू आतून म्हणायच्या, “झाला नमस्कार देवाला, आता बसा.” एकटे तुझे बाबा, विठूकाका, कधी आपटले नाहीत. एवढा ताडमाड माणूस, पण उंबरठ्यावर पाय पडायच्या आधीच मान डावीकडे कलायची, हातातला डबा पोटाशी यायचा आणि ते आत. आपण त्यांची नक्कल करायचो. माझी हुबेहूब जमायची, तुला राग यायचा. आपण सातवीत होतो. त्या दिवशीही ते तसेच वाकून बाहेर पडले, दुसऱ्या पाळीला, आणि तू मागून ओरडलीस, येताना कंपासपेटी आणा. ते कंपनीत पोचलेच नाहीत. पाताळगंगेच्या पुलावर सायकल मिळाली. नदी धुंडाळली, काही मिळालं नाही. कोणी म्हणालं वाहून गेले, कोणी म्हणालं सुरतला बघितलं. सायकल बरेच दिवस आमच्या पिंपळाला टेकवून होती, तिच्या घंटीत मुंगळ्यांनी घर केलं. बघ, सांगता सांगता मी भलतीकडेच गेले.

तुम्ही मायलेकी खोली सोडून गेल्यावर माझ्या बाबांनी गवंडी बोलावला. भाडेकरूंची डोकी फुटतात म्हणून चौकटीची वरची पट्टी चांगली हातभर वर नेली. उंबरठा मात्र तोच ठेवला, ऐनाच्या लाकडाचा, गुरांच्या खुरांनी मधोमध झिजलेला. नवीन दार, नवीन रंग. तरी तिथे कोणी टिकत नाही. बाबा होते तोवर ते विचारणाऱ्याला म्हणायचे, ती खोली गळते, आणि विषय बंद. मी आल्यावर कौलं बघितली. एक थेंब गळत नाही. म्हणून मी भाड्याने दिली. पहिलं जोडपं आलं ते महिना भरायच्या आत सामान बांधून माझ्यासमोर उभं. बाई म्हणाली, सकाळी दार उघडावं तर उंबरठा धुतलेला, त्यावर हळदकुंकू, तांदळाचे चार दाणे, एखादं फूल. नवरा म्हणाला, करणी आहे. मी हसले. दुसरे आले, रसायनीच्या कंपनीतले तिघे पोरगे, त्यांना कसली करणी. पण एका सकाळी त्यातला एक घाईत हळदकुंकवावर पाय देऊन गेला, आणि त्याच दिवशी त्याची मोटरसायकल घसरून पाय मोडला. तिघेही गेले. खोल्यांना गिऱ्हाईक आणून देणारा नीलेश, त्याचं नाक्यावर रिचार्जचं दुकान आहे, तो मला म्हणाला, “गोदे, वाईट वाटून घेऊ नको, पन ती खोली मी आता दुष्मनालाच दाखवीन.” मग त्यानेच खोपोलीकडचा एक आबाजी भगत आणला. आबाजीने धूर केला, दाराला लिंबू-मिरच्या बांधल्या, चार कोपऱ्यांत नारळ फोडले आणि कोंबडं घेऊन गेला. ते सगळं बघून दोन नंबरवालेही सोडून गेले.

मग मी चार नंबरमध्ये राहायला आले. तीनची आणि चारची भिंत एकच. मी जंगलात एकटी झोपलेली मुलगी, तुला माहीत आहे, कोंडाण्याला भर पावसात लेण्यात रात्र काढलीय. पण त्या भिंतीला पाठ लावून मला झोप येईना. पलीकडे कुलूप, आत कोणी नाही, आणि तरी वाटायचं की आत कोणी तरी कान देऊन आहे, माझ्यासारखंच. एका बुधवारी उजाडता उजाडता केरसुणीचा आवाज आला. सावकाश, बायका अंगण झाडतात तसा. मी दाराच्या फटीतून बघितलं. धुक्यात एक बाई पाठमोरी बसलेली, तांब्यातलं पाणी हाताने उंबरठ्यावर फिरवत. डोक्यावरून पदर. मग तिने हळदीचं बोट ओढलं आणि त्याच बोटाने कपाळावरचे केस मागे सारले, तेव्हा ओळखलं.

वनू, तुझी आई.

तू तिला बुधवारी पहाटे देवळात भजनाला सोडतेस ना? ती पहिल्या रिक्षाने इकडे येते. मी बाहेर आले तर सोनुकाकू दचकल्या नाहीत, उलट मलाच म्हणाल्या, “किती वाळलीस गं गोदे, डोंगरात काय खातेस?” मग शेजारी बसवून सांगितलं. “कंपनीची सुट्टी बुधवारची. ते आले तर सुट्टीलाच येतील. खाडा करनारा मानूस नाय तो. आनि त्यांना दुसरा पत्ता कुठं ठावं हाय?” त्यांच्या आवाजात वेड नव्हतं, रडणं नव्हतं. रेशन कधी येणार ते सांगावं तसं सांगत होत्या. आत लोक राहायचे त्याचंही त्यांना काही नव्हतं. “कोनी का ऱ्हाईना, उंबरठा पारोसा नको. घरचा मानूस लांबून यायचा.” त्या हळदकुंकवाला लोक करणी समजले हे सांगितल्यावर मात्र त्या हसल्या, पदर तोंडाला लावून.

मनोजची बायको ललितावहिनी, तिला हे सगळं पहिल्यापासून माहीत. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, “तुज्या बापाला ठावं होतं गं. बुधवारी उजाडायच्या आत तांब्याभर पानी त्येच भरून ठेवायचं उंबऱ्यापाशी. तिच्यासमोर कधी यायचं नाय. दाराआड हुभं ऱ्हायचं ती जायपत्तूर.” माझे बाबा, वनू. ज्यांनी तुमचं सामान स्वतःच्या हाताने टेंपोत चढवलं. पोलीस दोनदा चौकशीला येऊन गेले होते, बाकीचे भाडेकरू कुजबुजायला लागले होते, आणि बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ज्या दारात पोलीस येतो त्या दारात भाडेकरू येत नाही. काकू एकच म्हणत होत्या, “भाऊ, आमी गेलो तर ते येतील कुठं?” तू टेंपोत मागे पाय सोडून बसली होतीस, मांडीवर तुळशीचा डबा. बाबा टेंपोची दोरी आवळत राहिले, आणि मला वाटतं पुढे मरेपर्यंत ते काकूंच्या प्रश्नाचं उत्तर दाराआड उभं राहून शोधत होते. खोली गळते म्हणायचे. हे सगळं कळल्यापासून तो तांब्या मी भरून ठेवते. का ते विचारू नकोस. ठेवला नाही तर त्या दिवशी मला दाराआड कोणी तरी उभं आहे असं वाटत राहतं.

आता जे लिहायला इतके दिवस लावले ते. पनवेलचा एक बिल्डर चारही खोल्या घेतोय. पाडून तिथे इमारत होणार, खाली गाड्या, वर पोहण्याचा तलाव. मी होकार दिलाय. मला इथे राहवत नाही, वनू. मला निघायचंय, कुठे ते नेहमीसारखंच माहीत नाही. पण त्या दाराला जेसीबी लागायच्या आधी कोणी तरी काकूंना सांगायला हवं, आणि आज सकाळी मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, काकू चहा घ्या. मग वाटलं तुला विचारावं. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत काकांच्या नावामागे कै. छापलं होतं, मला आलेली पत्रिका अजून माझ्या सॅकमध्ये आहे. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. कोणाला तरी कधी तरी छापावंच लागतं. काकू मात्र मांडवात कुंकू लावून बसल्या होत्या, आणि तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस असं ललितावहिनी सांगते. तर विचारायचं ते हे. बिल्डरची माणसं आज मापं घ्यायला येतायत, म्हणून तीन नंबरचं दार मी सताड उघडून ठेवलंय. ती माणसं गेली की सुताराला बोलावून उंबरठा काढून घेते. ऐनाचा आहे, जड आहे, पण टेंपोत मावेल. तो तुझ्या दारात बसवून घेशील का? म्हणजे काकूंना इकडे यावं लागणार नाही. तुझ्या नवऱ्याने विचारलं तर सांग, लाकूड चांगलं आहे.

इथवर लिहून मी खिडकीतून बघितलं, कारण कुत्रा भुंकत होता तो एकदम गप्प झाला. मला वाटलं मापंवाले. पण एकच माणूस आहे, उंच, केस पांढरे, हातात रेक्झिनची पिशवी. मनोज गॅरेजच्या टेंपोत सामान भरतोय, त्याने वर बघितलं नाही. माणसाने कोणाला काही विचारलं नाही. तीन नंबरसमोर येऊन तो उंबरठ्यावरच्या हळदकुंकवाकडे बघत किती तरी वेळ उभा राहिला. मग त्यावर पाय पडू नये म्हणून पाऊल लांब टाकलं, पिशवी पोटाशी धरली, मान डावीकडे कलवली आणि वाकून आत गेला. वनू, ती पट्टी त्याच्या डोक्याच्या चांगली वीतभर वर आहे. चेहरा मी अजून बघितलेला नाही. मनोजचा टेंपो रसायनीलाच निघालाय, हा कागद तसाच त्याच्या हातात देते. काकूंना घेऊन त्याच टेंपोने ये. मी पाण्याचा तांब्या घेऊन जाते.

तुझीच,
गोदा