परकं पातं

सक्करदरा, नागपूर
७ ऑक्टोबर १९७९

चि. चंद्रभान,

तुला आणि तुझ्या घरच्या सर्वांना आशीर्वाद.

“परक्या पात्यानं डोळा धरत नाही गा.”

कलमाच्या डोळ्याबद्दलचं बाबांचं हे वाक्य तू विसरला असशील असं मला वाटत नाही. मीही विसरले नाही. भाजी चिरतानासुद्धा ते कधी कधी कानाशी येतं. आज पत्राला बसले आणि आधी तेच कागदावर उतरलं, म्हणून राहू दिलं.

तुझं पत्र गणपतीत मिळालं. उत्तराला उशीर झाला. इकडे सगळे ठीक आहेत. तुझे भाऊजी अजून रोज बस बदलून कोराडीच्या वीज केंद्रात जातात. संध्याकाळी शर्टाच्या कॉलरवर राखेची रेघ घेऊन येतात. ती रेघ काही केल्या जात नाही, आणि ते म्हणतात, “राहू दे, मालकाची खूण आहे.” तुझी भाची इंदू बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तलावात या वर्षी पाणी बऱ्यापैकी आलं. बाबा श्रावणापासून माझ्याकडेच आहेत. पावसाळ्यात त्यांच्या हाताला लागलं होतं, आता जखम भरली आहे.

तू लिहिलंस, “बाबांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या तर येईन. दुसऱ्या कोणाच्या अक्षरातलं बोलावणं मला चालणार नाही.” ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं चुकलं असं म्हणत नाही. पण त्या चार ओळींच्या आधी मला बरंच काही सांगायचं आहे.

तुला इतवारीतलं ते दुकान आठवतं का? बाबा आपल्या दोघांना घेऊन चाकू आणायला जायचे. दुकानदार दहा चाकू पुढ्यात पसरायचा आणि बाबा धार न पाहता पात्याच्या मुळाशी कोरलेलं नाव वाचत बसायचे.

“अजी महादेवराव, पातं पाहा ना. नाव काय चाटता का?”

“चाटत नाही शेठ. पण ठेवतो छातीवरच्या खिशात. तिथं परक्याचं नाव ठेवलं तं झोप लागन का?”

दुकान हसायचं, आपणही हसायचो. मग आपल्या देशाचं नाव असलेला, लाकडी मुठीचा, काळ्या पात्याचा चाकू ते घ्यायचे. तो महिनाभर घासावा तेव्हा कुठे मनासारखा व्हायचा. मालगुजाराच्या माळ्याकडे विलायती चाकू होता, आणि बाबांनी त्याच्याहून सरस कलमं देशी चाकूनं बांधून दाखवली होती. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. मला वाटतं, बाबांनी आयुष्यात जिंकलेली लढाई ती एकच. म्हणून ती त्यांनी कधी संपू दिली नाही.

मी अजून देशीच चाकू वापरते. दुकानात गेले की मीही आधी मुळाशी कोरलेलं नाव पाहते. हे तुला सांगताना थोडी लाज वाटते आणि थोडी वाटतही नाही.

दहा वर्षांपूर्वी तू जर्मनीहून पहिल्यांदा आलास आणि बाबांसाठी तो चाकू आणलास. शिंगाची मूठ, आरशासारखं पातं, साल उचलायला पितळेची जीभ. तू वर्षभर मनात ठेवून आणलेली वस्तू होती, हे आईला आणि मला दिसत होतं. बाबांनी नाव वाचलं, चाकू मिटला, आणि ओसरीवर खाली ठेवला. तुझ्या हातात परतसुद्धा दिला नाही. मग ते वाक्य बोलले.

तू उठलास. विहिरीजवळच्या जंबेरी लिंबाच्या खुंटाला त्याच चाकूनं चीर दिलीस, संत्र्याचा डोळा सालीसकट काढून त्या चिरेत बसवलास, आणि केळीच्या सोपटानं बांधून टाकलास. बाबांनीच तुला शिकवलं होतं तसंच. फक्त पातं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नत्थूजींच्या अंगणात चार माणसांसमोर बाबा म्हणाले, “याचं पातं परकं, अन् हा बी परकाच झाला.” तू चाकू खिशात टाकलास आणि गेलास. आई फाटकापर्यंत मागे आली होती. पुढे ती वारली तेव्हाही तू आला नाहीस. त्याबद्दल मी कधी काही लिहिलं नाही, आजही लिहीत नाही.

पण एक गोष्ट तू कधी विचारली नाहीस आणि मी कधी कळवली नाही. तू डोळा फुटायच्या आधी गेलास.

चंद्रभान, तो डोळा धरला.

झाड उभं राहिलं. बाबांनी त्याला हात लावला नाही. छाटलं नाही, त्याचा एक डोळा काढला नाही, फळ तोंडात घातलं नाही. येता-जाता विहिरीच्या पलीकडून वळसा घ्यायचे. आई त्याची संत्री पदरातून शेजारी वाटायची. मला हसू यायचं. झाडाशी कोणी अबोला धरतं का?

आता पुढचं.

पाच-सहा वर्षांपूर्वी बागेत डिंक्या दिसायला लागला. खोडातून डिंक गळायचा, पानं पिवळी पडायची, फांद्या शेंड्याकडून वाळत यायच्या. आधी आपल्या बागेत, मग नत्थूजींच्या, मग जिथे जिथे बाबांनी कलमं बांधून दिली होती तिथे. तुला माहीत आहे, त्या शिवारात बाबांच्या हातची कलमं नसलेली बाग शोधावी लागेल. लोक म्हणाले पाणी कमी पडलं, कोणी म्हणालं नजर लागली. गेल्या उन्हाळ्यात शेतकी खात्याचे एक अधिकारी आले. मी तेव्हा गावी होते. त्यांनी झाडं पाहिली, मग बाबांचा चाकू मागितला आणि उन्हात धरून पाहिला.

“हा तुम्ही कशानं साफ करता?”

“धोतरानं पुसतो. तेल लावतो.”

“औषधाच्या पाण्यात बुडवत नाही? एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना?”

“त्या पाण्यानं पातं गंजते साहेब. देशी पोलाद हाय. धार जाते.”

अधिकारी भला माणूस होता. त्यानं आवाज चढवला नाही. रोगट झाडाचा चीक पात्यावर राहतो, तो पुढच्या झाडात जातो, असं त्यानं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यानं हेही सांगितलं की चाकू देशी आहे म्हणून काही बिघडत नाही. बुडवा, लगेच कोरडा करा, तेल लावा, झालं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे चूक देशाची नव्हती, न धुण्याची होती. पण बाबांना तेवढं ऐकूच गेलं नाही. ते चाकूकडे पाहत राहिले. गंजू नये म्हणून तो जपला, आणि त्यानंच साऱ्या शिवारात रोग नेला.

जाताना अधिकारी विहिरीपाशी थांबला. “हे झाड निरोगी दिसतंय. हे कोणी बांधलं?”

बाबांनी तोंड फिरवलं. मी सांगितलं, माझ्या भावानं.

त्यानंतर बाबा रोज सकाळी कोणाच्या ना कोणाच्या बागेत जायचे. माफी मागत नव्हते, ते त्यांना येत नाही. नुसते जाऊन उभे राहायचे आणि खोडावरचा डिंक नखानं खरवडायचे. लोक लाजेकाजेनं चहा द्यायचे. मग चहा बंद झाला. नत्थूजींनी पूर्ण बाग उपटली. संत्र्याच्या लाकडांचा ढीग फाटकाशी रचला होता. बाबा एक खुंट उचलून पाहायला लागले तेव्हा नत्थूजी म्हणाले, “महादेवराव, तुमचा हात नका लावू आता कशालेबी.”

रागानं म्हणाले नाहीत. थकून म्हणाले. पन्नास वर्षांची सोबत होती त्यांची.

मी नागपंचमीला माहेरी होते. आई नसली तरी मी जाते. त्या दिवशी आपल्या घरी काही चिरायचं नाही, विळीसुद्धा आडवी करून ठेवायची, हे तुला आठवत असेल. मी दिंडं उकडायला ठेवली होती. दुपारची वेळ, ऊन-पाऊस चाललेला. बाबा विहिरीच्या काठावर बसले होते, मांडीवर तेलाचं फडकं. मला वाटलं चाकू पुसत आहेत. मी हाकसुद्धा मारली, “बाबा, आज पातं उघडू नये.”

ते म्हणाले, “झालंच वं.”

चंद्रभान, मी वर लिहिलं की हाताला लागलं. लागलं नाही. त्यांनी चाकू डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताचा अंगठा मुळापाशी कापला. मी पोचले तेव्हा फडकं भिजलं होतं आणि ते हाताकडे कलम पाहावं तसं पाहत होते. ओरडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, “रोगट फांदी ठेवत नसतेत, यमे.”

नागपूरला आणेपर्यंत फार वेळ गेला. दवाखान्यात उरलेला अंगठा काढावा लागला. जंबेरी तोडताना चाकू निसटला, असं बाबांनी डॉक्टरांना सांगितलं. नागपंचमीला जंबेरी कोण तोडतं, असं त्यांनी विचारलं नाही. मीही मान हलवली. तुझ्या भाऊजींना खरं माहीत आहे, इंदूला नाही. आता तुला.

चाकू माझ्याजवळ आहे, धुऊन, तेल लावून, ट्रंकेच्या तळाशी. फेकवत नाही. घरातली विळी मी वरच्या फळीवर ठेवते आणि बाबांना ते कळतं. काल म्हणाले, “नको भिऊ वं. जे काढायचं होतं ते काढलं.”

म्हणून त्या चार ओळी येणार नाहीत. ज्या हातानं ते कलमांच्या पाट्यांवर मोत्यासारखं अक्षर काढायचे, त्या हातात आता पेन राहत नाही. डाव्या हातानं त्यांनी प्रयत्न केला, मी पाहिलं. ‘चि.’ एवढंच झालं आणि त्यांनी कागद चुरगळला.

आता मी तुला का बोलावते आहे ते सांगते. नत्थूजी मागच्या आठवड्यात इथे आले होते. बाबांच्या हाताकडे पाहून डोळ्यांतून पाणी काढलं, पण बोलले ते रोखठोक. “विहिरीजवळच्या झाडाचे डोळे भेटले तं मी पुन्हा बाग लावीन. बाकीचे बी लावतीन. पण ते तुमच्या पोट्ट्यानं काढावे, त्याच्या चाकूनं.” तुला गावची रीत माहीत आहे. ज्यानं कलम बांधलं, झाडाचा पहिला डोळा त्यानंच काढायचा, मग दुसऱ्यांनी हात लावायचा. बाबा ती रीत मोडू देणार नाहीत आणि नत्थूजींचा दुसऱ्या कोणाच्या पात्यावर भरवसा उरलेला नाही. अधिकाऱ्यांनी सांगितलं आहे की चहूबाजूंनी रोगट झाडं असताना ते एक झाड फार काळ वाचणार नाही. दिवाळीनंतर थंडी पडली की डोळे बांधायचे दिवस. या वर्षी झालं तर झालं.

मी बाबांना विचारलं, चंद्रभानला ये म्हणून लिहू का? जेवताना, डाव्या हातानं भात कालवत म्हणाले, “लिव. त्याचा चाकू घेऊन ये म्हणा. पण माह्यासमोर उघडू नको म्हणा. मी पाठ करून बसतो.”

मला हसू आलं. अजूनही पाठ करूनच बसणार! पण पाठ करून का होईना, ते विहिरीपाशी बसतील.

तू येशील असं मला वाटत नाही. तू त्यांचाच मुलगा आहेस. एकदा शब्द काढला की तू मागे घेत नाहीस, तेही घेत नाहीत, आणि मधे मी पत्रं लिहीत असते. तू लिहिशील की अट ती अट. किंवा काहीच लिहिणार नाहीस, ते मला जास्त ओळखीचं आहे.

तरीही. या कागदाच्या खाली निळा डाग दिसेल, तो शाई सांडल्याचा नाही. पत्र लिहून होत आलं तेव्हा बाबा जवळ येऊन बसले. बोटाला शाई लाव म्हणाले. अंगठा उठवणाऱ्या माणसांना त्यांनी जन्मभर टोकलं, “चार अक्षरं शिका गा, मेंढरं आहात का?” तुला आठवत असेल. तो त्यांचा डावा अंगठा आहे. त्यांनी स्वतः उठवला, मी हात धरला नाही.

त्यालाच चार ओळी समज, आणि ये.

तुझी,
यमुताई