धुक्यात कुणीतरी अहो म्हणालं

कारवीवाडी,
ता. १२ डिसेंबर २०२५

ति. चंद्रव्वा अक्कास,
रेवणसिद्धचे शि. सा. न. आणि शरणु शरणार्थी.

पोचलो. एसटी, मग जीप, मग जीपवाल्याच्या मेव्हण्याचा टेम्पो. टेम्पोत टोमॅटो. त्यांच्यावर बसायचं नाही आणि दुसरीकडं बसायला जागा नाही. लीलानं विचारलं, हीच का ती सहल? वाडी अगदी डोंगराला चिकटून हाय. टॉवरच नाही, तेव्हा दोघांचे फोन तुझ्या कपाटात राहिले ते बरंच झालं. माझा चार्जिंगला लावून विसरू नको, फुगतो तो.

अक्का, तिनं अट तुझ्यासमोर घातली म्हणून तुलाच सांगतो, पाळतोय. लग्न झाल्यापासून निम्मा काळ मी बाहेर. गोव्यात हॉटेलात, हंपीत लोकांना देवळं दाखवत, मधेच कुणाच्या ट्रकमधनं कुठंतरी. तिचं चूक नाही. ही सहल संपेपर्यंत तिच्याबरोबर चालायचं, तिला टाकून पुढं पळायचं नाही. पळालो तर ती अक्कलकोटला माहेरी जाणार आणि परत यायची नाही. चेष्टा नव्हती ती. तू चहा ओतता ओतता थांबलीस, तेव्हाच मला कळलं.

आज पठारावर गेलो. वाटेत एक पक्षी दिसला, पिवळा, शेपूट केवढी लांब! त्याच्यामागं जरासा गेलो, वळणापर्यंतच. मागनं 'अहो' ऐकू आलं आणि थांबलो. तिला म्हटलं, डोंगरावर कसलं आलंय अहो, रेवण म्हण की. तर म्हणते, सासू म्हणून अव्वांनी सांगितलंय, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. म्हटलं, ह्या कड्यावर ते आपोआप घटतंय, तुझ्या हाकेनं आणि काय व्हायचंय! हसली नाही.

शेंगाचटणी संपत आली. अव्वाला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आणि राग, दोन्ही जपून ठेव, आल्यावर लागतील.

तुझा,
रेवण

सोलापूर,
ता. १६ डिसेंबर

चि. रेवणसिद्ध यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमननं विचारलं, हे कानडीत हाय का तेलगूत? बारावीला मराठीचा पेपर अर्धा टाकून तू नाटकवाल्यांचा ट्रक बघायला गेलास, त्याचं फळ.

'वळणापर्यंतच' हे मी दोनदा वाचलं. लहानपणी नवी पेठेत माझा हात सोडून असाच वळणापर्यंत गेलास आणि चौकीत सापडलास, हवालदाराचा लाडू खात. मी रडून रडून अर्धी झाले होते. मी बहीण, मला दुसरा भाऊ नव्हता म्हणून शोधला. लीलाला माहेर आहे, हे विसरू नको.

तिची आई रोज फोन करते. कपाट वाजतं. मी उघडून सांगते, तिकडं रेंज नाही, दोघं मजेत आहेत. मला खोटं पाडू नका.

नावाचं म्हणशील तर अव्वानं मलाही तेच शिकवलं. इतकी वर्षं 'अहो'वरच संसार चाललाय. आमचे हे तिसऱ्या हाकेला मान वर करून विचारतात, मला म्हणालीस का? जसे काही घरात आणखी चार अहो आहेत!

वाटेवर डोळा आणि बायकोवर लक्ष असू दे. अव्वाचा आशीर्वाद.

तुझी,
अक्का

खिंडीतून,
ता. २१ डिसेंबर

ति. अक्कास शि. सा. न.

केराबाईंच्या छपराखाली बसून लिहितोय. त्या खिंडीत चहा-भजी विकतात. धुकं असं पडलंय की कढई दिसते आणि केराबाई दिसत नाहीत. आंतर्देशीयावर तुझा पत्ता आधीच घालून ठेवलाय, नाहीतर तोच विसरतो.

तुझं वळणाचं बोलणं लागलं. म्हणून सकाळपासून लीलाच्या मागंच चाललो, शप्पथ. शेवटच्या चढावर तिला दम लागला, जरा टेकते म्हणाली. तेवढ्यात वरनं भज्यांचा वास आला. म्हटलं पुढं होऊन तिच्यासाठी गरम घाणा सांगून ठेवावा. ह्याला पळणं म्हणू नको. वाट सरळ हाय, डाव्या अंगानं वर येते. येईलच इतक्यात.

हितं पुण्याच्या एका सोसायटीतली पाच जोडपी आलीत. एक काका तर इस्त्रीच्या पँटीत. त्यांची दुर्बीण मी मागून घेतली, पण दुर्बिणीतनं धुकंच मोठं दिसतं. मघाशी लई गंमत झाली. खालनं, उजव्या अंगानं, कुणीतरी बाई ओरडायला लागली, अहो, अहो! पाची काका एकदम ताठ. तुमची का माझी म्हणून एकमेकांकडं बघतायत. आम्ही पोट धरून हसलो. परत हाक आली, जरा बारीक. इस्त्रीवाले काका म्हणाले, आता गेलंच पाहिजे, आणि उठले. तर त्यांच्या बायकोनं मागनं शर्ट धरून बसवलं, मी हितंच आहे की! खरंच होती, हातात बशी घेऊन. मग बाकीच्यांनी आपापली बघितली. सगळ्या छपराखालीच, भजी खात. मग ही कुणाची, म्हणून अजून हसलो. मी म्हटलं, डोंगरात चकवा असतोय, बाईच्या आवाजात बोलावतो आणि माणूस

अक्का, सगळ्या इथंच होत्या तर मग ती

सोलापूर,
ता. २६ डिसेंबर

चि. रेवण व चि. सौ. लीला, दोघांस अ. उ. आ.

दोघांच्या नावानं लिहिते. एकाच्या नावानं लिहायला हात उचलत नाही.

तुझं अर्धं पत्र आज मिळालं. शिक्का पुण्याचा, म्हणजे तू टाकलेलं नाहीस. पुढचं पान असेल म्हणून मी कागद उलटा केला, उजेडात धरला. तिकडच्या पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले, अशी नोंद नाही. हे चांगलं का वाईट, मला कळेना. अव्वाला सांगितलेलं नाही. दुपारी परत कपाट वाजलं. लीलाच्या आईच्या फोनला मी पहिल्यांदाच हात लावला नाही. वाजून वाजून थांबला.

हे आज संध्याकाळच्या गाडीनं निघतायत, पत्र त्यांच्याच खिशात देते. रेवण्या, माझ्यावर माया असेल तर दोघं जण समोर उभे राहा. बाकी काही मागत नाही.

तुमची,
अक्का

कारवीवाडी,
ता. २८ डिसेंबर

ति. अक्कांस,
लीलाचे शि. सा. न. आणि शरणु शरणार्थी.

भावोजी सुखरूप पोचले. आम्ही दोघं आहोत, हे आधी वाचा. माझ्या पायाला प्लास्टर आहे. तालुक्याच्या दवाखान्यातून कालच वाडीत आलो. तिथून फोन करायचा तर तुमचा नंबर कुणाच्याच तोंडपाठ नाही, तो कपाटातल्या फोनांत.

टेकून उठले तर पुढं कुणी नाही. धुक्यात गुरांच्या वाटेला उजवीकडं लागले आणि घसरले. कारवीचं झुडूप हाताला लागलं म्हणून राहिले. पाय मुरगळलेला, खाली काय आहे ते दिसेना. 'अहो' म्हणून ओरडले. वरून हसणं ऐकू आलं, अक्का. पुन्हा ओरडले, पुन्हा हसले.

मग वर पळापळ झाली. ह्यांचा आवाज आला, लीला, लीला! ते सोसायटीतले काकाही दोर घेऊन उतरले. तशा त्यांच्या बायका वरून सुरू झाल्या. अहो, जपून! अहो, कुठं आहात? सगळा डोंगर अहो झाला. त्यात माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं? ह्यांचा आवाज लांब लांब चालला. झुडपाची मुळी सुटायला लागली होती.

अव्वांचं बोलणं आठवत होतं. पण म्हटलं, हा माणूस धुक्यात कड्याच्या काठानं पळतोय, मी गप्प राहिले तर त्याचं आयुष्य आत्ताच संपेल. माझंही. डोळे मिटले आणि ओरडले, रेवणसिद्ध! वरच्या सगळ्या बायका गप्प झाल्या. मी ओरडत राहिले, ते आवाजाच्या दिशेनं बसत, सरकत आले. गुडघे फुटलेले, आणि मुठीत पेन तसंच. खिशात ठेवायचंही सुचलं नव्हतं.

अट मोडली. भज्यांसाठी मोडली, हे मी रोज ऐकवते. काकांनी आणि वाडीतल्या लोकांनी मला चादरीत घालून खाली आणलं, तेव्हाच सांगितलं, मी अक्कलकोटला जाणार. ते म्हणाले, जा, मी सोडायला येतो. तू परत चल म्हणेपर्यंत तुमच्या ओसरीवर बसून राहतो. मी म्हटलं, तुम्ही आणि बसणार? हे सांगितलं तेव्हा भावोजी हसले, मी नाही.

नाव आता तोंडात बसलंय, हाक तशीच जाते. अव्वांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा. त्यांच्या मुलाचं आयुष्य घटलं नाही, एवढं सांगा. तुमच्या जिवाला घोर लावला त्याची क्षमा असावी, आणि मायेत मला उणं करू नये.

तुमची,
लीला

ता. क. सकाळी म्हटलं, अक्कांना लिहायचं असेल तर आधी ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करा. तेव्हापासून रेवणसिद्ध कागद घेऊन उंबऱ्यात बसलेत. एक शब्द झालेला नाही. ऊन अंगणातून निघून गेलं. मघाशी तो लांब शेपटीचा पिवळा पक्षी समोरच्या कुंपणावर येऊन बराच वेळ ओरडला. मी आतून बघत होते. उठले नाहीत.

कपाट वाजलं तर माझ्या आईला सांगा, सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की अक्कलकोटला येऊ. दोघं येऊ.