ताई, तू ‘चालेल’ म्हणालीस

प्रिय ताई,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण दिवसभरात चार वाक्यं बोलायचो. पण चार दिवसांपूर्वी तुझा तक्ता छापून आला, दंडात इंजेक्शन कुठे द्यायचं तो. तो उघडल्यापासून मी तुझ्यावर इतका चिडलोय की दुसऱ्या कुणाशी बोलून उपयोग नाही.

चित्र चुकलंय, ताई. आणि खाली तुझं नाव आहे.

तू काढलं होतंस ते साधं होतं. खांद्याच्या हाडाखाली नर्सची तीन बोटं आडवी, त्यांच्या खाली सुई. कागदावर जागा उरली म्हणून प्रकाशनाच्या ऑपरेटरने कॉम्प्युटरवर चित्र खाली ताणलं. दंड लांबला. बोटं आणि सुई होती तिथेच राहिली, कारण फाइलमधला तो थर, तो लेयर, तू लॉक करून ठेवायचीस. कुणी हात लावू नये म्हणून! आता बघणाऱ्याला सुई पार वर, सांध्याजवळ दिसते. तिथे टोचलं तर माणसाचा हात महिनोन्महिने वर उठत नाही. हे मला कुणी शिकवलं? तूच ना?

चाकणला मी गाड्यांच्या पार्टची ड्रॉइंग करायचो. तिथे कागदावरच सूचना असते, चित्र मोजू नका, लिहिलेला आकडा वाचा. तीच सवय घेऊन तुझ्याकडे दवाखान्यांसाठीची चित्रं काढायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात चित्रातलं एक मनगट जागेत बसावं म्हणून दाबलं.

“हे काय आहे? बंपर?” तू विचारलंस.

“माप खाली लिहूया की.”

“लिही. आणि नर्सला चष्मा पण घेऊन दे. अरे, ती पेशंटसमोर उभी असते. ती वाचत नाही, बघते!”

राखी बांधली की तू माझा हात सोडायची नाहीस. टेपने दंड मोजायचीस. आई ओरडायची, “अगं, आधी पेढा तर भरव त्याला!” दूधवाला, वॉचमन, समोरच्या काकू, संत तुकाराम नगरात तुझ्या टेपमधून सुटलं कोण? काकूंची बोटं तर तू माझ्या व्हर्नियरने मोजलीस. त्या म्हणाल्या, “अंगठी करतेस की काय मला?” एवढं सगळं करून मग एक बोट काढायचं, आणि तेही मला पुन्हा काढायला लावायचीस.

तीच तू “चालेल, छापा” म्हणालीस?

मी प्रकाशनाच्या जाधव साहेबांना भांडायला फोन केला होता. त्यांनी तुझा मेसेजच पाठवला. केमोच्या दिवशीचा. तळहाताएवढ्या मोबाइलवर प्रूफ बघितलंस! मी बाहेर बाकावर बसलो होतो, ताई. आत येऊन विचारलंही होतं, काही काम आहे का. “काही नाही, पाणी आण,” म्हणालीस. मोबाइल माझ्याकडे का नाही दिलास? अजून जमतंय हे कुणाला दाखवायचं होतं? मला?

जाधव म्हणाले, “खाली ‘तीन बोटं’ असं स्पष्ट लिहिलंय ना, मग झालं.” मी फोनवर ओरडलो. मी! शेवटी म्हणाले, “परत छापतो, पण तसं पत्र द्या. पास ताईंनी केलंय, तेही त्यात येईल. आजारी होत्या असं टाका, लोक समजून घेतात.”

आई म्हणते, “गेलेल्या माणसाची चूक चारचौघांत काढू नकोस. गुपचूप बदलून घे.” गुपचूप कसं बदलू? महाळुंग्याच्या कंपन्यांतल्या दवाखान्यांत तक्ते लागलेसुद्धा. पत्र्याने हात कापला की कामगाराला धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच देतात. लागलेला तक्ता काढायचा तर का काढतोय ते सांगावंच लागणार. आणि तू सोय करून ठेवली आहेस की ते मीच सांगायचं. तुझ्याबद्दल. तुला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत!

पत्र दिलंय. आई माझ्याशी बोलत नाहीये. उद्या महाळुंग्याला जाऊन दारोदार ते तक्ते उतरवणार आहे. कुणी विचारलं तर सांगेन, माझ्या बहिणीने पास केला होता, तिचं चुकलं.

पण तू आजारी होतीस, हे मी कुणालाही सांगणार नाही. पत्रातही लिहिलेलं नाही. दुसऱ्या कुणी ते कारण पुढे केलं असतं, तर तू त्याला दारातूनच परत पाठवलं असतंस. तुझ्यासाठी मी ते पुढे करणार नाही. हा शब्द देतो.

तुझा,
संजू