हललेला फोटो

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, दाराशी गुपचूप पडून राहतं, तेव्हा कधीतरी ते उचलशीलच.

तू पाठवलेला कॅमेरा पोचला. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं की तुला आता याचा उपयोग नाही. उभा जन्म ज्याने लोकांचे फोटो काढले त्याने असं लिहावं, म्हणून मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. मास्तरीण जाऊन वर्ष होत आलं. नात्याने ती माझी भावजय, पण शाळा सुटली की माझ्याशी तासभर फोनवर बोलायची, त्या वेळेला अजूनही माझा हात फोनकडे जातो. दुःख मला कळतं रे. पण तू स्टुडिओचं शटर ओढलंस ते ओढलंसच, आणि आता कॅमेराही घराबाहेर काढलास. मला तुझी काळजी वाटते, हे सरळच लिहिते.

असो. इस्पितळातली माझी एक्स-रे काढायची नोकरी डिसेंबरात संपली. आता घरी बसून मी तुझ्या भावोजींच्या चुका काढते. त्यापेक्षा फोटो काढलेले बरे, असं त्यांनीच हात जोडून सुचवलं. म्हणून तुझा कॅमेरा हातात घेतला. तीन फोटो छापून पाठवते आहे. भावोजी घशात गोळी अडकल्यासारखे दिसतात, शेजारीण त्याहून वाईट. जिन्यातला कुत्रा पुसट आला, पण तो मेला एक क्षण स्वस्थ बसेल तर शपथ.

काय चुकलं ते कळव. उत्तर आलं नाही तर बॅग भरून तिकडे येईन, आणि माझा मुक्काम किती लांबतो हे तुला माहीत आहे.

कळावे. लोभ आहेच, तो अधूनमधून लिहूनही दाखवावा.

तुझी ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू बॅग भरू नयेस म्हणून लिहितो आहे.

भावोजींच्या डोक्यातून दिव्याचा खांब उगवला आहे. बटण दाबण्याआधी माणसाच्या मागे काय आहे ते बघत जा. शेजारणीच्या पाठीमागे खिडकी आहे, म्हणून तिचं तोंड काळं आलं. खिडकी बाजूला येईल असं तिला वळव, आणि तू दोन पावलं पुढे हो.

कुत्र्यावर आळ घेऊ नकोस. कुत्रा हलला असता तर फक्त कुत्रा पुसट आला असता. इथे पायरी पुसट आहे, कठडाही पुसट आहे. पायऱ्या हलत नाहीत. म्हणजे हललीस तू. कोपरं अंगाला टेकव, श्वास धर आणि मग दाब.

एक मात्र माझ्या लक्षात येत नाही. दोन्ही माणसांचे खांदे कानाला लागलेत आणि छात्या फुगल्या आहेत. तू त्यांना सांगतेस तरी काय?

मी ठीक आहे. जेवतो.

भावोजींना नमस्कार. लोभ असू द्यावा.

धाकटा


ता. २ मार्च

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर भावोजींनी दिलं. मी म्हणे फोटो काढताना सांगते, हनुवटी वर, श्वास घ्या, धरून ठेवा, अजिबात हलू नका. आपण असं सांगतो हे माझ्या गावीही नव्हतं. सगळी नोकरी ते वाक्य म्हणण्यात गेली, ते जिभेवरच बसलं आहे. वर भावोजींची तक्रार अशी की मी श्वास सोडा म्हणायला विसरले आणि ते तसेच उभे राहिले.

शेजारणीची कथा तर विचारू नकोस. तिला वाटलं, हिला आपल्या छातीत काहीतरी दिसलं आणि ही आपल्यापासून लपवते आहे. तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो पडेल चेहऱ्याने आमच्याकडे आला. दोघांना बसवून चहा पाजला, कॅमेऱ्यातून फुप्फुसं दिसत नाहीत हे पटवलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. आता वाक्य टाळायला जाते तर तोंडच उघडत नाही. काय करू?

आणखी एक. बैठकीच्या भिंतीवर आपल्या सगळ्या माणसांचे फोटो लावते आहे. मास्तरणीचा हवा. तुझ्याकडे ढीगभर असतील, त्यातला चांगला पाठव.

जेवतो म्हणजे काय जेवतोस तेही लिहावं. माया पातळ होऊ देऊ नये.

ताई


ता. १४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शेजारणीचं वाचून मी हसलो. घरात हसण्याचा आवाज आला आणि मीच दचकलो.

जित्याची खोड आहे ती, जायची नाही. तेव्हा वाक्य टाळू नकोस, पुरं म्हण. श्वास घ्या, धरा, आणि मग सोडा. सोडा म्हटलं की बटण दाब. त्या वेळी माणूस आपला चेहरा सांभाळायला विसरतो. श्वास धरायचा तो काढणाऱ्याने, बसणाऱ्याने नव्हे.

मास्तरणीचा फोटो मात्र नाही. ओळखपत्रांपासून लग्नांपर्यंत जगाचे काढले, पण हिचे जेवढे काढले तेवढे पुसट. वर्गात पोरांना हाताची घडी घालायला लावणारी बाई, माझ्यासमोर बसली की हसायला लागायची आणि हलायची. मी नीट बस म्हणायचो, ती आणखी हसायची. टांगण्याजोगा एकही नाही. आता डोळे मिटून तिला आठवायला गेलो तर तोच पुसट चेहरा येतो. ज्या हातांना घरच्या माणसाचा एक फोटो साधला नाही, त्यांनी लोकांचे काढू नयेत असं वाटलं, म्हणून कॅमेरा तुझ्याकडे पाठवला.

एक पाठवतो आहे. बघ आणि परत कर, लावू नकोस. फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो असा, म्हणून लोक हसतील.

वरणभात जेवतो. लोभ आहे तो राहावा.

धाकटा


ता. २५ मार्च

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

भावोजींचा नवा फोटो सोबत आहे. सोडा म्हटलं आणि दाबलं. डोक्यात खांब नाही, खांदे जागेवर, आणि चेहरा बघ. लग्नाच्या वेळी मी ज्याला हो म्हटलं होतं तो माणूस मला या फोटोत पुन्हा सापडला. हे त्यांना सांगू नकोस, डोक्यावर चढून बसतील.

आता मास्तरणीचा. स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली आहे, मागे फडताळ. मी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग जुन्या सवयीने खिडकीच्या उजेडावर धरून पाहिला. ती पुसट आहे खरी. पण धाकट्या, दाराची चौकटही पुसट आहे. फडताळातले डबे पुसट आहेत, भिंतीवरचं घड्याळ पुसट आहे. डबे हसत नाहीत रे. तुझीच शिकवण तुला परत करते. मास्तरणीवर आळ घेऊ नकोस. हललास तू.

जगाचे फोटो काढताना तुझा हात कधी कापला नाही, तो तिच्यासमोरच का हलावा? मला वाटतं, ती हसत होती आणि तूही हसत होतास. हसणाऱ्याला श्वास कसा धरता येईल? बाकीचे फोटो बाहेर काढून बघ. माझं चुकत असेल तर तसं लिही, मी शिकाऊच आहे.

फोटो परत पाठवते आहे, पण मला त्याची प्रत हवी. भिंतीत खिळा ठोकून ठेवला आहे आणि तो रिकामा बरा दिसत नाही.

तुझ्यावर फार जीव आहे, तो जाणून असावं.

ताई


ता. ९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि सगळे फोटो पलंगावर पसरून बसलो. तुझं खरं आहे. एकूणएक फोटोत मागची भिंतसुद्धा हलली आहे. गिऱ्हाइकाचा फोटो हातात आला की मी आधी मागचं बघतो. हिचे बघताना हिच्या चेहऱ्यापलीकडे कधी गेलोच नव्हतो.

स्टुलावरच्या फोटोचं तर सगळं आठवलं. माझ्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती, आणि ती मला पहिलीतल्या पोराला सांगावं तशी सांगत होती की आधी स्वतःची बटणं नीट लावा, मग मला नीट बसवा. मला हसू आवरेना. परवा तो फोटो हातात धरला आणि तिचा तो आवाज जसाच्या तसा कानात आला. खूप रडलो. चेहराही आता नीट आठवतो.

प्रत पाठवतो आहे. ती करायला स्टुडिओ उघडावा लागला. शटर गंजलं होतं, शेजारच्या शिंप्याने हात लावला तेव्हा हललं. एक प्रत मोठी करून दर्शनी काचेत लावली आहे. मोठी केल्यावर आणखीच पुसट झाली. कॅमेरा तुझ्याकडेच राहू दे, माझा स्टुडिओतला आहे. रविवारी फोन कर, उचलेन.

काल एक मुलगी ओळखपत्राचा फोटो काढायला आली. काचेतल्या फोटोकडे बघून तिने भीत भीत विचारलं, हा हललेला आहे का. मी म्हटलं, हो, काढणारा हसत होता.

कळावे. लोभ असाच राहावा, आणि माझे फोटो तपासत जावेत.

तुझा धाकटा