मागावरचं प्लास्टिक

८ सप्टेंबर
पोचलो. कबनूर. दारावर पाटी – ‘डोंगरी धनगर युवकांसाठी यंत्रमाग प्रशिक्षण’. आत हॉलमध्ये एकच माग, तोही प्लास्टिक घालून झाकलेला. सरांचं पहिलं वाक्य, "हात लावायचा नाही." बरं झालं सांगितलं. मी मूर्ख, शिकायला आलो होतो.

इचलकरंजीचे मागवाले रुद्रय्या अण्णा म्हणालेत, "माग चालवाय शिकून ये, दिवाळीनंतर माझ्या शेडात तुझी जागा पक्की." घरची बकरी विकून झाली. ही जागा मिळालीच पाहिजे.

११ सप्टेंबर
आज पाहुणे. कुठलेतरी साहेब. केंद्राच्या संयोगिता मॅडमनी कपाट उघडलं. वाटलं, हत्यारं असतील. निघाली धोतरं, लाल पटके आणि ढोल. "गजी नाच करा, तुमच्या रक्तातच आहे." माझ्या रक्तात कुठला आलाय नाच? आमच्या वाड्यावर नाचणारा शेवटचा माणूस म्हणजे चुलता, तो आता गुडघे धरून बसलाय. आमच्यात एकट्या आकारामला येत होता. त्यानं तासाभरात सगळ्यांना शिकवलं. साहेब म्हणाले, "वा, अस्सल!" जीन्सवर नेसलेलं धोतर, आणि अस्सल.

१९ सप्टेंबर
नाच.

२४ सप्टेंबर
नाच. मग सरांनी भिंतीवर मागाचं चित्र पाडून आडवा धागा नेणारा धोटा कुठला ते काठीनं दाखवलं. खरा माग चार हातांवर! आकारामला विचारलं, लाज कशी वाटत न्हाय रं तुला? म्हणतो, "जेवान बरं हाय की." काय बोलायचं असल्या माणसाशी.

२७ ऑक्टोबर
सर्टिफिकेट घेऊन अण्णांच्या शेडात गेलो. एका मागावर धागा तुटला होता. "जोड," म्हणाले. हात तसेच राहिले. शेजारच्या मागावरचा माणूस हसला. अण्णांनी सर्टिफिकेट न वाचताच परत दिलं. "पावणं, ह्ये घरात मढवून लावा." बाहेर येऊन रस्त्यातच रडलो. आग लागो त्या केंद्राला.

३ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. नव्या बॅचचा नाच बसवायला माणूस पाहिजे, पगारी. आधी आकारामला विचारलं होतं. तो नको म्हणाला, एका शेडात सुताची जड बिमं उचलायला गेला.

मी हो म्हणालो.

५ नोव्हेंबर
रुजू झालो. उद्या फोटो आहेत, म्हणून मागावरचं प्लास्टिक पुसून घेतलं.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, स्वप्नालीचा फोन. या खेपेला मुलीही घेतल्यात, तिचं नाव लागलंय. "दादा, खरंच माग शिकवत्यात न्हवं?"

व्हय, म्हणालो.