माझ्या नावाचा फॉर्म

७ जुलै, सोमवार
निलेश वर्गाचा सी.आर. झाला म्हणजे आमचा बाप झाला का? डॉक्टरांच्या संघटनेची विद्यार्थी शाखा निघतेय, शनिवारी उद्घाटन. त्यानं न विचारता सगळ्या वर्गाचे फॉर्म भरून टाकले. माझं नाव, गाव, मोबाईल, सगळं त्याच्या अक्षरात. सहीची जागा तेवढी मोकळी.
"कर ना, सगळ्यांनी केली."
न्हाई करत म्हणलं.
"कावून?"
वर्गासमोर काय सांगू कावून ते. निघून आले.

संघटनेचे अध्यक्ष म्हणजे आईची गर्भाची पिशवी काढली ते डॉक्टर. आई तेव्हा एकोणतीसची, मी सहावीत. अंगावरून पांढरं जायचं एवढंच. "ठेवली तर कॅन्सर होईल, ऊसतोडीला जायच्या आत उरकून घ्या." उरकलं. दिवाळीनंतर आई कोयता घेऊन फडात. टाके ओढायचे तिला. आणि आता मी त्या डॉक्टरांच्या हाताखाली मेंबर व्हायचं.

८ जुलै, मंगळ.
रूमवर रोहिणीशी वाजलं. तिचं एकच, संघटना म्हणजे एक माणूस नसतो, आत गेल्याशिवाय बोलता येत नाही. मी म्हणलं, आत गेलेलं कोण बोललं आजपर्यंत? पिशव्या निघत होत्या तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. सगळे गप्प.
तिनं मेडिसिनचं पुस्तक उघडलं. वाचत नव्हती, पान उलटलंच नाही.

१० जुलै, गुरु.
अक्षर नीट येईना. रोहिणीला मारलं. कॅज्युअल्टीत पोस्टिंग आमची. साप चावलेला माणूस आणला, ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडम आत त्याच्यावरच उपचार करत होत्या. रोहिणी दाराशी उभी, एप्रन घालून. पेशंटच्या भावानं कानाखाली ओढली. "डागतर हायस ना? मग उभी कावून?"
आम्ही विद्यार्थी, आम्हाला साधं इंजेक्शन लिहायचा अधिकार नाही. त्याला कोण सांगणार.

एक सर म्हणाले, मिटवून घ्या, मुलीची जात, पेपरात नाव येईल. तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि आलं कोण? अध्यक्ष. ओपीडी सोडून. पोलीस स्टेशनात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले, तक्रार लिहून घेईपर्यंत उठले नाहीत. रोहिणीला स्वतः पाणी आणून दिलं. जाताना मला म्हणाले, "घाबरू नको बेटा, आपण आहोत ना."
मी "थँक्यू सर" म्हणलं. थू माझ्यावर.

११ जुलै, शुक्र. दुपार
रोहिणीच्या कानाच्या पडद्याला भोक. एका कानानं ऐकतेय. म्हणते, आता बोल संघटनेला. 

निलेश परत आला. उद्या आभारप्रदर्शन मी करायचं. "अध्यक्षसायबांनीच सांगितलंय, ऊसतोड कामगाराची लेक बोलू द्या, चांगलं दिसतं." चांगलं दिसतं म्हणे. कुणाची लेक ते माहीत तरी आहे का त्यांना. हजारात कोणती बाई लक्षात राहणार. फॉर्म टेबलावर ठेवून गेला.

संध्या.
आईला फोन केला. सगळं सांगितलं.
"लई चांगला मानूस त्यो. मला बसाया खुर्ची दिलती. कर सही. तुझ्यामागं कुनीतरी पायजेच की."
खुर्ची दिलती. माझ्या तोंडातून निघूनच गेलं. आई, तुझी पिशवी चांगली होती. तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचलाय मी, गायनॅकच्या पोस्टिंगनंतर गावाकडं आलते तेव्हा. गर्भाशय नॉर्मल लिहिलंय. पांढरं जायचं ते गोळ्यांनी थांबलं असतं.
 मागं शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत होता.
"कवापासून ठावं हाय तुला?"
वर्ष झालं.
"मंग वरीसभर तू कावून गप बसलीस?"
फोन तिनंच ठेवला.

तिला त्रास नको म्हणून. असं मी स्वतःला सांगत आले. खरं हे की, अध्यक्षांच्या वाकड्यात गेले तर इंटर्नशिप झाल्यावर या भागात मला कोण उभं करील, ही भीती होती. फॉर्म न भरताच मेंबर झाले होते की मी. आणि रोहिणीला शिकवत होते, आत गेलेलं कोण बोललं.

१२ जुलै, शनि. सकाळ
आई आलीय. गावाकडून, युसूफ वडगावहून, पहिल्या गाडीनं, न सांगता. इस्त्रीचं लुगडं, हातात रिपोर्टची फाईल. होस्टेलच्या गेटवर उभी होती. माझ्यावर चिडली असेल वाटलं होतं. चिडलीच होती, पण रडली नाही, मीच रडले.
म्हणाली, "तू आभार मान न्हाईतर नको मानू. सही कर न्हाईतर नको करू. ते तुमा डागतर मानसांचं तुमचं तुमी बगा. रोयनीसाठी आला त्यो, ते बी चांगलंच केलं. पर मी त्येला इचारनार हाय. सगळ्यांम्होरं."
मी म्हणलं, आई, काय विचारणार?
"इचारीन माझं मी. तू एवढंच सांग. कुनाची आई म्हनून त्येनं इचारलं, तर तुझं नाव सांगू का नको?"

अकराला कार्यक्रम. ती खाली टपरीवर चहा घेतेय, उत्तराची वाट बघत. साडेदहा झाले.