शोभाच्या पुस्तकाच्या बारा प्रती

३ फेब्रु., मंगळ.
नववं पान जुळवलं. शोभाचंच बोलणं, छपाईच्या अक्षरांचा एकेक शिशाचा खिळा लावून: ‘नवऱ्यानं मागाचा धोटा फेकून मारला. टोकाला लोखंड. कानामागं बसला. तवापास्नं डावीकडचा माग मला ऐकू येत न्हाय.’ ‘त’ दोनदा उलटा लागला. 
कव्हरचं कापड शोधत कबनूरला गेले तेव्हा शोभा भेटली. कापड तिनं विणलेलं, शब्द तिचे, चित्रं मी लिनोवर कोरलेली, बांधणी शकीलभाईंची. बारा प्रती, बस्स. शकीलभाई म्हणतात, "बारा प्रतींसाठी एवढा जीव काढताय ताई?" आणि स्वतः पुस्तकाच्या एका पाठीला दोन दिवस लावतात.

५ फेब्रु., गुरु.
शोभा आली. नवऱ्याला सोडल्यापासून कसबा बावड्यात बहिणीकडं असते. ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. मग: "त्येचं नाव का न्हाय घातलं?"
म्हटलं, वकील नको म्हणतात.
"माझं तोंड फोडताना त्यानं वकील विचारला व्हता व्हय?"
 पहिल्या पानावर नाव घातलं. महादेव. त्याचं एक छापील पान ती घरी घेऊन गेली. द्यायला नको होतं.

७ फेब्रु., शनि.
शोभाच्या बहिणीच्या नवऱ्यानं, दाजींनी, त्या पानाचा फोटो महादेवला पाठवला. सकाळीच त्याचा मला फोन. "माझ्यावर पुस्तक काढतीस व्हय? येतो. मशीन कुठं हाय शाहूपुरीत, ठाव हाय मला."
शकीलभाई म्हणाले, भुंकणारं कुत्रं. मी हसले. 

९ फेब्रु., सोम.
नीट लिहायचं. जसं झालं तसं.
साडेअकरा. शोभा पानं दुमडत होती. मी कट्ट्यावर दहाव्या पानाची चौकट आवळत होते. छपाईचं ट्रेडल मशीन चालू, शकीलभाई त्यावर. महादेव आत आला, थेट शोभाचे केस धरले. डोकं भिंतीवर. एकदा, परत एकदा. शकीलभाई मधे पडले. त्यानं त्यांचा हात धरून मशीनच्या जबड्यात घातला. चाक फिरतच होतं. असा आवाज माणसाच्या तोंडातून येऊ शकतो हे माहीत नव्हतं. मी चाक धरलं, हात सोडवला. ते खाली पडले तरी हा त्यांच्या छातीवर बसून मारतच होता.
हातात आली ती खिळ्यांनी भरलेली लोखंडी चौकट. कानशिलावर हाणली. खिळे घरभर उडाले. तो आडवा झाला.
मग...
तो खाली होता. हलत नव्हता. उजवा हात फरशीवर पसरलेला. मी परत चौकट उचलली आणि त्या हातावर मारली. सगळं बळ लावून. हाडाचा आवाज आला आणि बरं वाटलं. हे लिहिलंच पाहिजे. बरं वाटलं.

१० फेब्रु., मंगळ.
शकीलभाईंची दोन बोटं काढली. शोभाला सात टाके. महादेव शुद्धीवर, जबडा मोडलाय, मनगटाचा चुरा.
पोलीस स्टेशनात जबाब दिला: शकीलभाईंना वाचवताना एक घाव घातला. एक. फौजदारांनी लिहून घेतलं, मी सही केली. बोटांवर छपाईची शाई होती.

१२ फेब्रु., गुरु.
दवाखान्यात. शकीलभाईंची बायको बोलत नाही माझ्याशी. बरोबर आहे तिचं. ते मात्र म्हणाले, "आठ हायत की अजून. शिवायला डाव्या हातानं शिकीन." मग भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

१४ फेब्रु., शनि.
महादेवचा भाऊ येऊन गेला. म्हणे छापलेली पानं जाळा, आम्ही तुमच्यावरची केस मागं घेतो. शोभा दारातच उभी राहिली त्याच्यासमोर. "जाळायचं आसंल तर आधी मला जाळा. चला, निघा पावणं."
तो गेल्यावर वकिलांचा फोन. डॉक्टरांच्या अहवालात मनगटाची जखम वेगळी दाखवलीय. पडलेल्या माणसावर झालेली. पोलिसांनी सोमवारी परत बोलावलंय.
शोभा म्हणाली, "मी पोलिसास्नी सांगितलंय, ताईंनी एकदाच मारलं. शकीलभाई तर बेशुद्ध व्हते. मी फिरणार न्हाय." माझ्यापायी आता तीही खोटं बोलतेय. नऊ पानं जिनं खरं सांगितलं, ती.

१५ फेब्रु., रवि.
फरशीवरचे खिळे गोळा करून धुतले. काहींवर रक्त वाळलेलं.
शोभा टाक्यांवर रुमाल बांधून आली. दहावं पान जुनं नको म्हणते, त्या दिवसाचं करा. ती सांगत गेली, मी लावत गेले. ‘तो शकीलभाईंच्या छातीवर बसलेला. ताईंनी कानशिलात चौकट घातली. तो पडला.’
इथवर आलो. ती थांबली. 
"फुडचं तुमी सांगा," म्हणाली.
चार वाजले. अजून सांगितलेलं नाही.